यार-ए-वफादार : निजामाच्या पैशाने लढलेलं आकाश

१९४० साली सोलापुरातून तुळजापूरला आईच्या दर्शनाला निघालेला माणूस वाटेत राज्य बदलायचा. सोलापूर मुंबई इलाख्यात, थेट इंग्रजांच्या अमलाखाली. तुळजापूर आणि नळदुर्ग मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात. सीमेवर करोडगिरीचा नाका लागायचा, म्हणजे निजामाचं जकात खातं. पलीकडे खिशातल्या कलदार रुपयाच्या जोडीला निजामाचा हाली सिक्का सुरू व्हायचा. सरकारी कागद उर्दूत असायचे. माणसं मराठीच बोलायची, शेतात ज्वारीच असायची, आणि अंतर होतं जेमतेम ४५ किलोमीटर.

त्याच वर्षी, सात हजारांहून जास्त किलोमीटर लांब, इंग्लंडच्या आकाशात हिटलरची बॉम्बफेकी विमानं अडवायला जी लढाऊ विमानं उठत होती, त्यांतल्या दोन स्क्वॉड्रनच्या नावात ‘हैदराबाद’ होतं. एकीच्या चिन्हावर चक्क निजामाची पगडी होती आणि खाली ब्रीद होतं ‘फेथफुल अलाय’. फारसीत यार-ए-वफादार, आपल्या भाषेत विश्वासू दोस्त.

आपण ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ यूट्यूबवर बघतो, गेममध्ये खेळतो, ‘डंकर्क’ बघताना स्पिटफायरच्या आवाजाने अंगावर काटा येतो. ती गोष्ट आपल्याला परक्यांची वाटते. मी सोलापूरचा. या पगडीचा पत्ता लागल्यापासून ती गोष्ट मला तितकी परकी वाटत नाही. नळदुर्गच्या रस्त्यावरच्या गावांचाही तिच्याशी हिशेब आहे, आणि तो कुणी नीट मांडलेला नाही.

रविवार, १५ सप्टेंबर

आधी तो दिवस समजून घेऊ. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. ब्रिटनवर सैन्य उतरवायचं तर इंग्लिश खाडीवरचं आकाश आधी ताब्यात हवं, म्हणून जर्मन हवाई दलाने ब्रिटनच्या हवाई दलाला संपवायचा घाट घातला. ऑगस्टभर विमानतळांवर हल्ले झाले. ७ सप्टेंबरपासून मोहरा लंडनकडे वळला. १५ सप्टेंबरचा रविवार हा त्या लढाईचा कळसाचा दिवस. ब्रिटनमध्ये आजही हाच दिवस ‘बॅटल ऑफ ब्रिटन डे’ म्हणून पाळतात.

ब्रिटनची खरी ताकद नुसत्या विमानांत नव्हती, यंत्रणेत होती. किनाऱ्यावर रडारचे उंच मनोरे होते. खाडीपलीकडे विमानं गोळा होऊ लागली की त्यांना चाहूल लागायची. विमानं जमिनीवर आली की दुर्बिणी घेऊन बसलेले निरीक्षक त्यांची संख्या, उंची आणि दिशा फोनवर कळवायचे. ही सगळी माहिती जमिनीखालच्या खोल्यांत यायची. तिथे मोठ्या टेबलावर नकाशा पसरलेला असायचा आणि हवाई दलातल्या तरुण मुली लांब काठ्यांनी त्यावरच्या सोंगट्या सरकवायच्या. वर बसलेला अधिकारी ते पाहून ठरवायचा की कुठली स्क्वॉड्रन कधी उठवायची. त्यामुळे विमानांना दिवसभर आकाशात घिरट्या घालत पेट्रोल जाळावं लागत नसे. शत्रू आला की नेमक्या जागी, नेमक्या वेळी उठायचं.

लंडनच्या बाजूचा आग्नेय इंग्लंड सांभाळणारा ११ नंबरचा ग्रुप कीथ पार्क या न्यूझीलंडच्या माणसाच्या हाताखाली होता. त्याची तळघरातली खोली अक्सब्रिजला होती. त्या दिवशी पंतप्रधान चर्चिल बायकोसह तिथे येऊन बसले होते. सकाळी अकराच्या सुमारास टेबलावर सोंगट्या वाढू लागल्या. जर्मनांची डॉर्नियर जातीची बॉम्बफेकी विमानं, आणि त्यांच्या भोवती, वर, मागे मेसरश्मिट लढाऊ विमानांचा मोठा पहारा.

पार्कने टप्प्याटप्प्याने स्क्वॉड्रन उठवल्या. आधी स्पिटफायर उंचावर जाऊन पहारेकऱ्यांना भिडल्या. मग हरिकेन विमानं बॉम्बफेक्यांवर गेली. केन्लीच्या तळावरून उठलेल्या दोन हरिकेन स्क्वॉड्रन, २५३ आणि ५०१, केंटच्या आकाशात डॉर्नियरच्या थव्यावर समोरून चालून गेल्या. समोरून हल्ला म्हणजे दोन्ही विमानं एकमेकांच्या दिशेने सुसाट येतात आणि गोळी झाडायला डोळ्याची पापणी लवावी एवढाच वेळ मिळतो. पण बॉम्बफेक्याच्या नाकाशी काच असते आणि वैमानिक त्या काचेमागे बसलेला असतो. थवा विस्कटायचा तर हा मार्ग सगळ्यांत परिणामकारक, आणि सगळ्यांत जिवावरचाही.

यातली २५३ म्हणजे आपली पहिली ‘हैदराबाद’. तिच्या चिन्हावर कुऱ्हाड धरलेला मोगल हात आहे. या स्क्वॉड्रनने दोनच आठवड्यांपूर्वी मोठा मार खाल्ला होता. ३१ ऑगस्टला तिचा प्रमुख हॅरल्ड स्टार मारला गेला. त्याच दिवशी सूत्रं हाती घेतलेला टॉम ग्लीव्ह पेटत्या विमानातून बाहेर पडला तो चेहरा आणि हातपाय भाजून. पुढे त्याच्यावर आर्चिबाल्ड मॅकिंडो या सर्जनने उपचार केले. प्लास्टिक सर्जरी ज्यांच्या अंगावर घडत गेली अशा भाजलेल्या वैमानिकांनी ‘गिनिपिग क्लब’ काढला, त्याच्या आरंभीच्या सभासदांत ग्लीव्ह होता.

दुपारी दुसरी लाट आली, सकाळपेक्षा कितीतरी मोठी. शंभराहून जास्त बॉम्बफेकी विमानं आणि त्यांच्याबरोबर लढाऊ विमानांचे थवेच्या थवे. पार्कने हाताशी असलेलं सगळं आकाशात घातलं. चर्चिलनी विचारलं की राखीव किती आहेत. उत्तर आलं की एकही नाही.

लढाईचा भर लंडनवर असताना नैर्ऋत्येला पोर्टलंडच्या नौदल बंदरावर हाइन्केल विमानांची एक तुकडी आली. तिथे जवळच वॉर्मवेलचा तळ होता आणि त्यावर १५२ नंबरची स्पिटफायर स्क्वॉड्रन होती. ही दुसरी ‘हैदराबाद’, पगडीवाली. तिच्या थोड्या स्पिटफायर उठल्या आणि एक हाइन्केल पाडून परतल्या. लंडनच्या मानाने चकमक लहान. पण नळदुर्गच्या बाजूने पाहिलं तर त्या रविवारी निजामाच्या नावाचं विमान इंग्लंडच्या पूर्वेलाही लढत होतं आणि पश्चिमेलाही.

संध्याकाळी ब्रिटिशांनी १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं. युद्धानंतर जर्मन कागद तपासले तेव्हा आकडा ६०च्या आसपास निघाला. ब्रिटिशांची स्वतःची तीसेक विमानं गेली होती. तरी जर्मन वैमानिकांना जे कळायचं ते कळलं. संपत आलेलं हवाई दल म्हणून वरिष्ठ ज्याच्याबद्दल सांगत होते, ते पूर्ण ताकदीने समोर उभं होतं. दोन दिवसांनी, १७ सप्टेंबरला, हिटलरने ब्रिटनवरची स्वारी बेमुदत पुढे ढकलली.

पगडी तिथे पोचली कशी?

या विमानांत हैदराबादी माणूस कुणी नव्हता. २४ भारतीय वैमानिकांची पहिली मोठी तुकडी ब्रिटनला पोचली तोवर या लढाईचा भर ओसरला होता. हैदराबादचा होता तो पैसा.

ही पद्धत जुनी होती. पहिल्या महायुद्धात सातव्या निजामाने, मीर उस्मान अली खानाने, ११० नंबरच्या स्क्वॉड्रनसाठी विमानं दिली आणि तिला ‘हैदराबाद’ नाव मिळालं. १९१८ मध्ये ब्रिटिश सरकारने त्याला ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ आणि ‘फेथफुल अलाय ऑफ द ब्रिटिश गव्हर्नमेंट’ हे किताब दिले. दुसरं महायुद्ध सुरू झालं तसा त्याने पुन्हा हात सैल सोडला आणि १५२ व २५३ या दोघींना हैदराबादचं नाव लागलं. तो एकटा नव्हता. १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या स्क्वॉड्रनमध्ये १२२ ‘बॉम्बे’, १३२ ‘सिटी ऑफ बॉम्बे’ आणि १२४ ‘बडोदा’ अशी नावं सापडतात. साम्राज्यभरातून ‘स्पिटफायर फंड’ गोळा होत होते.

फंडासाठी एका स्पिटफायरची किंमत ५,००० पौंड ठरवलेली होती. खरा खर्च याहून बराच जास्त, पण वर्गणीला गोल आकडा लागतो. रुपयाचा भाव तेव्हा एक शिलिंग सहा पेन्स असा बांधलेला होता. म्हणजे एक विमान सुमारे ६६,७०० कलदार रुपयांना. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार या हिशेबाने नाक्यापलीकडे तेच ७७,८०० हाली रुपये.

निजाम जगातला सर्वांत श्रीमंत माणूस समजला जायचा. १९३७ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तो याच ओळखीने झळकला होता. त्यामुळे त्याच्या दानाची गोष्ट सांगताना हिऱ्यांची आणि मोत्यांची वर्णनं येतात. पण हिरे दरवर्षी पिकत नाहीत. दरवर्षी पिकते ती जमीन. हैदराबाद संस्थानाचं उत्पन्न मुख्यतः शेतसाऱ्यावर चालायचं. शिवाय ‘सर्फ-ए-खास’ नावाची निजामाची खासगी जहागीर वेगळी. तिथला सारा सरकारी खजिन्यात न जाता थेट त्याच्या तिजोरीत जायचा, आणि उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिवकडचा काही भागही तिच्यात मोडायचा. विमानांचा पैसा कुठल्या तिजोरीतून गेला असं धरलं तरी तिच्या तळाशी तेलंगणातला, कर्नाटकातला आणि मराठवाड्यातला शेतकरी येतोच.

त्याला कुणी विचारलं नव्हतं. विचारायची सोयही नव्हती. संस्थानात लोकांना जबाबदार असं सरकार नव्हतं. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. त्याच वर्षी ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थ्यांना काढलं गेलं. आर्य समाजाने संस्थानात धार्मिक आणि नागरी हक्कांसाठी सत्याग्रह पुकारला, त्याची परिषद डिसेंबर १९३८ मध्ये लोकनायक अणे यांच्या अध्यक्षतेखाली सोलापुरात भरली, कारण सोलापूर नाक्याच्या अलीकडे होतं. आणि १९४० मध्ये, वॉर्मवेलवरून पगडीवाल्या स्पिटफायर उठत होत्या त्याच वर्षी, स्वामी रामानंद तीर्थ वैयक्तिक सत्याग्रह करून पुन्हा निजामाच्या तुरुंगात गेले.

नाक्याच्या अलीकडे तरी वेगळं काय होतं? ३ सप्टेंबर १९३९ला व्हाइसरॉय लिनलिथगोने भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं, एकाही निवडून आलेल्या माणसाला न विचारता. निषेध म्हणून काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळं बाहेर पडली. त्यांत मुंबई इलाख्यातलं बाळासाहेब खेरांचंही होतं. सोलापूरच्या आठवणीत तर १९३० ताजं होतं. गावात मार्शल लॉ लागला होता आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं होतं. स्वातंत्र्य वाचवण्यासाठी ब्रिटनला मदत करा, हे वाक्य त्या गावात कसं ऐकू आलं असेल याची कल्पना करता येते.

दोस्तीची किंमत नळदुर्गने पाहिली होती

‘विश्वासू दोस्त’ हे शब्द नळदुर्गला १९१८च्या आधीपासून ओळखीचे होते. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांची एक फौज होती, हैदराबाद कंटिन्जंट. तिचा खर्च निजामाच्या डोक्यावर. तो थकत गेला आणि १८५३च्या तहात इंग्रजांनी त्यापोटी वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख आपल्या कारभाराखाली घेतला. नळदुर्गला कारभारी म्हणून फिलिप मेडोज टेलर आला. ठगांवरची त्याची कादंबरी बऱ्याच जणांना ठाऊक असते.

मग १८५७ आलं. हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने उभं राहिलं. त्याचं बक्षीस म्हणून १८६०च्या तहात रायचूर आणि नळदुर्ग निजामाला परत मिळाले. वऱ्हाड इंग्रजांनी ठेवून घेतलं. सात वर्षांत एक मुलूख कर्जापोटी गेला आणि इमानाबद्दल परत आला. मुलखातल्या माणसाने तेवढ्या काळात फक्त सारा भरायची कचेरी बदलली. स्पिटफायरवरच्या पगडीखालचं ब्रीद वाचताना मला हा तह आठवतो.

दुसऱ्या प्रकारची वर्गणी

याच काळात सोलापूरचा एक तरुण खरोखर बॉम्बच्या सावलीत काम करत होता. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १९१०, सोलापूर. जपानने चीनवर हल्ला केला तेव्हा चीनने मदत मागितली. काँग्रेसने, सुभाषबाबू अध्यक्ष असताना, लोकवर्गणी गोळा करून पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. सप्टेंबर १९३८ मध्ये ते चीनला पोचलं. जपानी विमानांपुढे चीनची शहरं जवळजवळ उघडी होती. रडार नाही, स्पिटफायर नाहीत. वडील गेल्याची बातमी कोटणीसांना तिकडेच कळली, तरी ते परतले नाहीत. १९४० मध्ये ते उत्तर चीनमध्ये आघाडीजवळ शस्त्रक्रिया करत होते. १९४२ मध्ये तिथेच वारले.

मला या दोन वर्गण्या शेजारी ठेवाव्याशा वाटतात. दोन्ही बाहेरच्या देशावर होणाऱ्या हवाई हल्ल्यांविरुद्ध होत्या. दोन्ही ज्या बाजूला गेल्या ती बाजू त्या वेळी योग्यच होती. लंडनवर आणि इतर शहरांवर मे १९४१ पर्यंत चाललेल्या बॉम्बफेकीत ४० हजारांहून जास्त साधे नागरिक मेले. हिटलर त्या बेटावर उतरला नाही, हे जगाच्या भल्याचंच झालं. पण एक वर्गणी ज्यांनी दिली त्यांना कुणाला देतोय आणि का देतोय हे माहीत होतं. दुसरी वर्गणी दिल्याचं देणाऱ्यांना माहीतही नव्हतं. म्हणून कोटणीसांचं स्मारक सोलापुरात आहे, आणि पगडीवाल्या स्पिटफायरची आठवण मराठवाड्यातल्या एकाही गावात नाही.

१५२ स्क्वॉड्रन पुढे आपल्या जवळ आली होती. १९४३च्या अखेरीस ती भारतात आली. १९४४ मध्ये इंफाळच्या वेढ्यात जपान्यांशी लढली. तेव्हा तिच्या विमानांच्या अंगावर झेप घेणारा काळा चित्ता रंगवलेला असायचा.

१३ सप्टेंबर १९४८

इंग्रज गेले आणि विश्वासू दोस्ताला एकटं सोडून गेले. निजामाला स्वतंत्र राहायचं होतं. रझाकारांच्या अत्याचारांनी मराठवाड्यातली गावं हैराण झाली. सोलापूरच्या बाजूला सीमेवर स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प उभे राहिले. निजामाला शस्त्रं हवी होती. ती रात्रीच्या विमानांतून आणून देणारा सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन होता. युद्धाच्या सुरुवातीला स्पिटफायरमधून शत्रूच्या मुलखाचे फोटो काढायची ब्रिटिशांची पद्धत उभी करणारा हाच माणूस.

१३ सप्टेंबरच्या पहाटे भारतीय सैन्याचा मुख्य दल सोलापुरातूनच निघाला. प्रमुख होते मेजर जनरल जयंतनाथ चौधरी. पहिली लढाई नळदुर्गला झाली, बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला आणि रस्ता मोकळा झाला. वरून भारतीय हवाई दलाची टेम्पेस्ट विमानं हल्ले करत होती. टेम्पेस्ट ही हॉकर कंपनीची, म्हणजे २५३च्या हरिकेनच्याच घराण्यातली. दोघींचा आराखडा सिडनी कॅम याच्याच हाताखाली झालेला.

आणि त्यांना अडवायला निजामाकडे एकही लढाऊ विमान नव्हतं. दोन महायुद्धांत ज्याच्या पैशावर तीन स्क्वॉड्रन नावारूपाला आल्या, त्याच्या स्वतःच्या आकाशात पहारा नव्हता. संस्थानाने लष्करी ताकद किती ठेवायची हे इंग्रज ठरवायचे. दोस्तीच्या करारात पैसे देणं बसत होतं, स्वतःचं हवाई दल बसत नव्हतं.

१७ सप्टेंबरला हैदराबादने शरणागती पत्करली. मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतरच्या दिवसांत अनेक खेड्यांत मुसलमानांवर सूड उगवला गेला, त्यात उस्मानाबाद जिल्हा सर्वाधिक पोळलेल्यांपैकी होता, आणि सुंदरलाल समितीने ते लिहून ठेवलं आहे. रझाकारांचा काळ सांगताना हेही सांगायला हवं, कारण तीही याच रस्त्यावरची माणसं होती.

१७ सप्टेंबरला धाराशिवात, लातुरात, नांदेडात झेंडावंदन होतं. त्याच्या दोन दिवस आधी लंडनमध्ये वैमानिकांची आठवण काढतात. पुढच्या वेळी त्या दिवशी स्पिटफायरची एखादी रील समोर आली तर १५२ नंबर शोधून बघा. चिन्हात पगडी दिसेल. तिचा मालक कोण हे लगेच सापडतं. त्या विमानाचं पेट्रोल कुणाच्या ज्वारीतून आलं, हे मात्र नळदुर्गच्या रस्त्यावर उभं राहूनच विचारावं लागतं.